एमडीएफची कपाटे रंगवताय? आधी कडा सांभाळा!

प्रतिनिधी

घरच्या घरी तयार केलेले कपाट दिवाळीच्या आधी रंगवून उभे केले जाते, तेव्हा ते दुकानातल्या कपाटाइतकेच देखणे दिसते. दारे गुळगुळीत, रंग एकसारखा, बिजागऱ्या नव्या. पुढच्या जुलैपर्यंत मात्र चित्र बदललेले असते. दाराच्या खालच्या कडेला रंगावर केसासारखी चीर गेलेली असते, बोट फिरवले तर कड खरखरीत लागते आणि ऑगस्टमध्ये तीच कड फुगून दार चौकटीला घासू लागते. यथावकाश रंगाचा पापुद्रा सुटतो. दोष मग रंगाला दिला जातो, रंगाऱ्याला दिला जातो, पावसाला तर दिला जातोच. प्रत्यक्षात बिघाडाची सुरुवात रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच झालेली असते. कापलेली कड बंद न करता तिच्यावर थेट प्रायमर मारला गेला, तेव्हाच त्या कपाटाचे आयुष्य ठरून गेलेले असते.

२०२०च्या टाळेबंदीत शहरांतील अनेक घरांनी लहानमोठी सुतारकामे स्वतःच्या हाती घेतली. प्लायवूडच्या दुकानात मापे दिली की एमडीएफचे तक्ते कापून मिळतात. घरी आणून भोके पाडायची, स्क्रू आवळायचे आणि रंग द्यायचा, एवढेच काम उरते. एमडीएफला लाकडासारख्या रेषा नाहीत, गाठी नाहीत, प्लायवूडसारखे थर सुटण्याची भीती नाही. त्यामुळे अपारदर्शक रंगासाठी याहून सपाट पृष्ठभाग मिळणे कठीण. किंमतही चांगल्या प्लायवूडपेक्षा कमी. या साऱ्या गुणांच्या बदल्यात हा तक्ता एकच गोष्ट मागतो, ती म्हणजे पाण्यापासून संरक्षण. नेमकी तीच देण्यात कसूर होते.

तक्ता आतून कसा असतो

एमडीएफ म्हणजे मध्यम घनतेचा तंतूंचा तक्ता. निलगिरी, पॉप्लर यांसारख्या झाडांच्या लाकडाच्या ढलप्या वाफेत मऊ करून त्यांचे तंतू सुटे केले जातात, त्यांत युरिया फॉर्माल्डिहाइडचा चिकट राळवजा पदार्थ मिसळला जातो आणि तापलेल्या दाबयंत्रात तो सारा कापसासारखा ढीग दाबून तक्ता तयार होतो. दाबताना उष्णता पृष्ठभागाला आधी लागते. त्यामुळे वरचा आणि खालचा थर अधिक घट्ट होतो, मधला गाभा तुलनेने सैल राहतो. तक्त्याची सरासरी घनता घनमीटरला ७५० किलो असेल, तर पृष्ठभागाजवळ ती ९००च्या पुढे आणि मध्यभागी साधारण ६०० ते ६५०च्या आसपास असते. ८ बाय ४ फुटांचा १८ मिलिमीटर जाडीचा तक्ता सुमारे ४० किलो भरतो तो या दाबामुळेच.

तक्ता करवतीने कापला की हा सैल गाभा उघडा पडतो. कापलेल्या कडेत हजारो तंतूंची टोके बाहेर आलेली असतात आणि प्रत्येक टोक टीपकागदासारखे काम करते. शिवाय हे तंतू दाबून बसवलेले आहेत. पाणी लागले की ते केवळ भिजत नाहीत, तर दाबापूर्वीचा आकार पुन्हा घेऊ पाहतात. म्हणून फुगलेली एमडीएफची कड वाळल्यावर मूळ जाडीवर येत नाही. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. एमडीएफची फुगलेली कड फुगलेलीच राहते. तिच्यावर नंतर कितीही घासकाम केले, तरी गाभ्यातला सुटलेला बंध परत जुळत नाही.

युरोपातील ईएन ६२२-५ या मानकात १२ ते १९ मिलिमीटर जाडीच्या साध्या एमडीएफचा नमुना २४ तास पाण्यात ठेवल्यावर १२ टक्क्यांपर्यंत फुगलेला चालतो. म्हणजे परीक्षेत उत्तीर्ण झालेला १८ मिलिमीटरचा तक्ताही दोन मिलिमीटरहून अधिक फुगू शकतो. दार आणि चौकट यांमधली फट बहुधा तेवढीच ठेवलेली असते. भारतात या तक्त्यांसाठी आयएस १२४०६ हे मानक आहे आणि खरेदी करताना तक्त्यावर त्याचा शिक्का पाहून घेणे शहाणपणाचे. ओलावारोधक म्हणून विकले जाणारे तक्ते अनेकदा आतून हिरवट असतात. ते कमी फुगतात हे खरे. पण हिरवा रंग हा केवळ ओळखीसाठी घातलेला रंग आहे, ती काही पाण्याविरुद्धची हमी नव्हे.

२४ बाय १८ इंचांचे एक दार घेतले, तर त्याच्या दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ सहा चौरस फूट भरते. चारही कडांचे मिळून अर्धा चौरस फूटही होत नाही. एकूण पृष्ठभागाच्या जेमतेम साडेसहा टक्के. रंगकामाचा बहुतेक वेळ, साहित्य आणि उत्साह उरलेल्या साडेत्र्याण्णव टक्क्यांवर खर्च होतो. बिघाड मात्र या साडेसहा टक्क्यांत होतो.

गोंद, लाख की सीलर?

कड बंद करण्याचे काम घासण्यापासून सुरू होते. करवतीच्या खुणा १५० नंबरच्या पॉलिश पेपरने काढाव्यात आणि मग २२० नंबरने कड एकसारखी करावी. पेपर हाताच्या बोटांवर न धरता लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळला, तर कड गोलमटोल होत नाही. मात्र दोन्ही बाजूंची अणकुचीदार धार जरूर मोडावी. धारदार कोपऱ्यावर ओला रंग टिकत नाही, तो दोन्ही अंगांना ओढला जातो आणि कोपऱ्यावर अगदी पातळ थर उरतो. दाराला रोज हात लागतो तो याच जागी. त्यामुळे दीड-दोन मिलिमीटरची गोलाई ठेवणे हा सौंदर्याचा नव्हे, टिकाऊपणाचा प्रश्न आहे. धूळ कोरड्या ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने काढावी. ओल्या फडक्याने पुसण्याची आपल्याकडची सवय इथे आवरावी लागते.

आता प्रश्न येतो कशाने बंद करायचे हा. घरी काम करणाऱ्यांमध्ये सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे फेविकॉलसारखा पांढरा सुतारी गोंद निम्मे पाणी घालून कडेला चोळणे. स्वस्त आहे, घरात असतोच. पण त्याचे दोन तोटे आहेत. त्यातले पाणीच तंतूंना उभे करते, म्हणजे रोग टाळण्यासाठी रोगाचाच डोस द्यावा तसे होते. आणि वाळलेला गोंद घासताना उष्णतेने मऊ पडून पॉलिश पेपरला चिकटतो, त्यामुळे कड गुळगुळीत होण्याऐवजी ओरबाडली जाते. झोपण्याच्या खोलीतल्या पुस्तकांच्या फळीला हा उपाय चालून जाईल. स्वयंपाकघरातल्या कपाटाला तो पुरेसा मानता येत नाही.

दुसरा उपाय जुना आणि अस्सल देशी आहे, तो म्हणजे चपडा लाख. स्पिरिट पॉलिश करणाऱ्या कारागिरांना ती नवी नाही. लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून मिळणारी ही राळ मुख्यत्वे झारखंड, छत्तीसगड या भागांतून येते. तिच्यावरील संशोधनासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्येच स्वतंत्र संस्था उभी राहिली होती. एक लिटर स्पिरिटमध्ये २०० ते २५० ग्रॅम चपडा रात्रभर विरघळवला की कडेसाठी योग्य द्रावण तयार होते. यात पाणी नसल्याने तंतू फारसे उठत नाहीत, द्रावण गाभ्यात खोल मुरते आणि तासाभरात घासण्याजोगे वाळते. पहिला हात कड अक्षरशः पिऊन टाकते. तो वाळल्यावर २२० नंबरने हलके घासून दुसरा द्यावा, आणि तरीही कुठे कोरडे डाग दिसले तर तिसरा.

लाखेच्या बाबतीत काही पथ्ये आहेत. साध्या चपड्यात थोडे मेण असते आणि मेणावर पाण्याचे किंवा पॉलियुरेथेनचे रंग नीट धरत नाहीत. म्हणून द्रावण एक-दोन दिवस स्थिर ठेवून वरचे निवळलेले तेवढे वापरावे; तळाचा गढूळ भाग घेऊ नये. द्रावण काही महिन्यांचे झाले की ते चिकट राहते, पूर्ण वाळत नाही, त्यामुळे लागेल तेवढेच करावे. दमट हवेत लाखेवर पांढरट झाक येते. स्पिरिट झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतले बाष्प त्यावर बसते, हे त्याचे कारण. मुंबई-कोकणात भर पावसात हे काम काढू नये असे जुने कारागीर सांगतात, ते उगाच नव्हे. स्पिरिट पेट घेते आणि विषारी असते, तेव्हा गॅसच्या शेगडीजवळ आणि मुलांच्या हाताला येईल अशा ठिकाणी ते असता कामा नये, हे वेगळे सांगायला नको.

तिसरा पर्याय सँडिंग सीलरचा. रंगाच्या दुकानात एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा सीलर सहज मिळतो. लाखेइतकाच लवकर वाळतो आणि घासायला अधिक सोपा. त्याचा वास उग्र असतो आणि थिनर ज्वलनशील. येथे एक नियम मात्र पक्का लक्षात ठेवावा लागतो: एनसीवर तेली रंग चालतो, पण ताज्या तेली रंगावर एनसी चालत नाही. एनसीच्या थिनरमधले तीव्र द्रावक खालच्या तेली थराला फुगवतात आणि सारा पृष्ठभाग सुरकुततो. दोन दुकानांतून दोन डबे आणून मनाला येईल त्या क्रमाने वापरणाऱ्यांची फजिती बहुधा येथेच होते. महागड्या फर्निचरसाठी वापरले जाणारे, हार्डनर मिसळून लावायचे पॉलियुरेथेनचे सीलर उत्तम असतात यात शंका नाही. परंतु त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याचा फवारा श्वसनासाठी धोकादायक असतो. ते काम फवारणीची सोय असलेल्या कारखान्यावर सोपवावे; राहत्या घरातल्या खोलीत करू नये.

निवड करण्यापूर्वी कापकामातून उरलेल्या तुकड्यावर एक छोटा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. तुकड्याची निम्मी कड सीलरने बंद करावी, निम्मी तशीच ठेवावी. वाळल्यावर दोन्ही भागांवर पाण्याचे थेंब सोडून अर्ध्या तासाने नख फिरवावे. उघड्या भागात थेंब मुरून कड वर आलेली नखाला जाणवते. बंद भागावर थेंब बसून राहिला, तर उपाय लागू पडला असे समजावे.

लांबी आणि प्रायमर

सीलरनंतरही कडेवर बारीक छिद्रे दिसत असतील, तर ती भरण्यासाठी लांबी लावावी लागते. रंगारी खडूची भुकटी आणि तेली रंग कालवून ही लांबी स्वतः तयार करतात. तयार एनसी पुट्टीही मिळते. भिंतीसाठी आणलेली पांढऱ्या सिमेंटची पुट्टी शिल्लक आहे म्हणून ती कपाटाच्या कडेला फासण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. ती पाण्यात कालवायची असते, सिमेंटच्या पृष्ठभागासाठी असते आणि दार आपटले की कडेवरून खपलीसारखी सुटते. लांबी कोणतीही असो, पातळ पत्र्याने दाबून, जेमतेम छिद्रे भरतील एवढीच लावावी. जाड थर म्हणजे उद्याची चीर. आणखी एक बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. लांबी स्वतःही शोषक असते. ती घासून झाल्यावर तिच्यावर सीलरचा एक हात पुन्हा फिरवला नाही, तर वरचा रंग त्या जागी निस्तेज दिसतो.

यानंतर प्रायमर, म्हणजे अस्तराचा हात. पहिला हात तेलावर आधारित वूड प्रायमरचा असावा. पाण्याचा प्रायमर कच्च्या एमडीएफवर लावला की केवळ कडाच नव्हे, सपाट पृष्ठभागही खरखरीत होतो, कारण घट्ट थरातले तंतूसुद्धा पाण्याने उभे राहतात. तेली प्रायमर सावकाश वाळतो, वास मारतो, पण तंतूंना हात लावत नाही. डब्यावरील प्रमाणात टर्पेंटाइन घालून तो लहान फोम रोलरने पातळ लावावा. ब्रशचे ओरखडे त्यामुळे टळतात. पूर्ण वाळल्यावर, आणि दमट हवेत त्याला एका रात्रीऐवजी दोन लागल्या तरी थांबून, ३२० नंबरचा पेपर हलक्या हाताने मारावा. घासताना पांढरी कोरडी भुकटी पडली तर प्रायमर वाळला. पेपरवर गोळ्या चिकटू लागल्या तर अजून कच्चा आहे. मोटारींच्या रंगकामात वापरला जाणारा पाणीपेपर या टप्प्यावर नको. कुठे प्रायमर घासून निघाला आणि तक्ता उघडा पडला, की पाणी नेमके तेथून शिरते. प्रायमरचा दुसरा हात द्यावा आणि पुन्हा तसेच घासावे. या दोन हातांनंतर वरचा रंग पाण्याचा असला तरी बिघडत नाही.

प्रायमरच्या पांढऱ्या पृष्ठभागावर तिरपा उजेड टाकला की राहिलेले सारे दोष दिसतात. ते दुरुस्त करण्याची ही शेवटची संधी असते, कारण चकचकीत रंग दोष झाकत नाही, तो ते उठून दाखवतो.

मागची बाजू आणि ओट्याखाली

रंग बाहेरून दिसणाऱ्या बाजूला द्यायचा असतो, अशी समजूत आहे. दारांच्या बाबतीत ती महागात पडते. दाराची एक बाजू तीन-चार हातांनी बंद केली आणि दुसरी कोरी ठेवली, तर कोरी बाजू पावसाळ्यात बाष्प घेते, रंगवलेली घेत नाही आणि दार धनुष्यासारखे वाकते. नागपूरसारख्या शहरात मे महिन्यातली रखरखीत दुपार आणि ऑगस्टमधली दमट हवा यांत एवढा फरक असतो, की तेथे हा दोष समुद्रापासून दूर असूनही दिसतो. आतल्या बाजूला रंग नको असेल तरी सीलर आणि प्रायमरचे तेवढेच हात दोन्ही बाजूंना पडले पाहिजेत.

बिजागरीसाठी ३५ मिलिमीटर व्यासाचा जो खळगा कोरला जातो, तो सुमारे १२ मिलिमीटर खोल असतो. म्हणजे तेथे तक्त्याचा सैल गाभा पूर्ण उघडा पडतो. सारी भोके आधी पाडून घ्यावीत, कपाट एकदा जुळवून पाहावे, पुन्हा सुटे करावे आणि मगच सीलरला हात घालावा. खळग्यांतही लहान ब्रशने सीलर फिरवावा. सांधे गोंदाने चिकटवायचे असतील, तर तेवढा भाग टेपने झाकून कोरा ठेवावा, कारण सीलरवर गोंद धरत नाही.

खरी परीक्षा असते ती ओट्याखाली. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते आणि जमिनीला टेकलेल्या तक्त्याची खालची कड दररोज थोडे पाणी पीत राहते. ही कड दिसत नाही म्हणून तिला रंगही लागत नाही. कपाट प्लास्टिकच्या पायांवर चार इंच उचलून घेतले आणि तळाच्या कडेला सीलरचे दोन हात जास्त दिले, तर निम्मा प्रश्न सुटतो. सिंकच्या थेट खाली मात्र एमडीएफ वापरूच नये. तेथे गळती होणार की नाही, हा प्रश्न नसतो. कधी होणार, एवढाच असतो. जुन्या घरांत तेथे कडप्पा असे, त्यामागे अनुभव होता. कडप्पा नको असेल तर आयएस ७१० मानकाचे मरीन प्लायवूड घ्यावे आणि बाकीचे कपाट खुशाल एमडीएफचे करावे.

धूळ आणि वास

एमडीएफ घासताना उडणारी धूळ पिठासारखी बारीक असते आणि बराच वेळ हवेत तरंगते. लाकडाची धूळ आणि फॉर्माल्डिहाइड या दोहोंचा समावेश कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला आहे. एखाद्या कपाटाच्या कामाने घाबरून जाण्याचे कारण नाही, परंतु तोंडाला रुमाल बांधणे म्हणजे संरक्षण नव्हे. एन-९५ दर्जाचा मास्क वापरावा, काम गच्चीत किंवा खिडक्या उघड्या ठेवून करावे आणि पडलेली धूळ झाडूने उडवण्याऐवजी व्हॅक्यूमने ओढून घ्यावी. तक्त्यातून पुढेही थोडे फॉर्माल्डिहाइड बाहेर पडत राहते. ई-१ दर्जाचा तक्ता निवडल्यास ते कमी असते आणि सर्व बाजू, कडा, भोके बंद केल्याने आणखी कमी होते. मुलांच्या खोलीतले कपाट असेल, तर घरात पडून असलेला जुन्या इनॅमलचा डबा त्यासाठी उघडू नये. रंगातील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा कमी ठेवण्याचे बंधन २०१६च्या नियमांनी घातले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या डब्यांत काय असेल, याचा भरवसा नाही.

वरच्या रंगाचे दोन पातळ हात पुरतात. इनॅमल काही तासांत हाताला कोरडा लागतो, पण आतून कडक व्हायला आठवडा, पावसाळी हवेत त्याहून अधिक काळ घेतो. तेवढे दिवस दारे चौकटीला टेकू न देता किंचित उघडी ठेवावीत, नाहीतर ती चिकटतात आणि ओढताना कडेचा रंग घेऊन येतात. फळ्यांवर वर्तमानपत्राचा कागद अंथरण्याची पद्धत घरोघरी आहे. नव्या रंगावर पहिले दोन-तीन आठवडे ती बाजूला ठेवावी. कच्च्या इनॅमलला कागद चिकटतो आणि निघताना बातम्यांची उलटी अक्षरे फळीवर सोडून जातो.